ऑपरेशननंतर महिन्याने डोळा लाल झाला तर

आमच्या मोहल्ल्यातील एका खालांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन दिवाळीच्या सुटीत झाले. पट्टी निघताच त्यांनी भिंतीवरचे घड्याळ वाचून दाखवले. चौथ्या आठवड्यात मात्र डोळा लाल झाला, समोर धुके दिसू लागले. दुखणे फारसे नव्हते, म्हणून मुलाने जुनेच थेंब मेडिकलमधून पुन्हा आणले. चार दिवस बरे वाटले, मग नजर आणखी उतरली. बुलढाण्याहून आम्ही त्यांना छत्रपती संभाजीनगरला नेले, तोवर पंधरा दिवस वाया गेले होते. डॉक्टरांनी निदान केले: डोळ्यात बुरशी.

बॅक्टेरियाचा संसर्ग बहुधा पहिल्याच आठवड्यात उसळतो. जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत जोगेश्वरीच्या महापालिका ट्रॉमा रुग्णालयात ७ जणांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि त्यातील ५ जणांची त्या डोळ्याची दृष्टी गेली, तो प्रकार असाच झपाट्याचा होता. बुरशी मात्र दबक्या पावलांनी येते. कधी काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी. त्यातच ऑपरेशननंतरच्या थेंबांत बहुधा स्टेरॉइड असते. ते सूज उतरवते, पण बुरशीशी लढण्याची डोळ्याची ताकदही कमी करते. खालांना चार दिवस बरे वाटले ते त्यामुळेच.

तपासणीत डोळ्याच्या आत कापसाच्या पुंजक्यासारखे पांढरे ठिपके दिसू शकतात. खात्री मात्र नमुन्यानेच होते. डॉक्टर सुईने डोळ्यातील द्रव काढतात, तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि प्रयोगशाळेत वाढवायला ठेवतात. बुरशी वाढायला कधी दोन आठवडे लागतात, म्हणून दाट शंका असेल तर उपचार आधीच सुरू होतात. डोळ्याच्या मागच्या पोकळीतील खराब झालेला द्रव ऑपरेशन करून काढतात, आत अँफोटेरिसिन-बी किंवा व्होरिकोनॅझोलचे इंजेक्शन देतात. गोळ्या अनेक आठवडे चालतात; मधूनमधून यकृताची रक्ततपासणी करावी लागते. कधी बसवलेली लेन्सही काढावी लागते.

आपल्या घरांत आणखी काही गोष्टी जपायला हव्यात. ऑपरेशन झालेल्या डोळ्यात सुरमा, गुलाबजल, मध काहीही घालू नये. वुजूचे पाणी आणि सजद्यात वाकणे किती दिवस टाळायचे, हे डॉक्टरांना विचारावे. पाण्याने अपाय होत असेल तर शरीअतमध्ये सवलत आहे आणि नमाज इशाऱ्यानेही होते. तपशील इमामसाहेबांकडून समजून घ्यावा. सोयाबीन काढणीच्या धुळीपासून, गोठ्यातील कडब्यापासून काही आठवडे दूर राहावे. थेंब टाकण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत, बाटलीचे टोक डोळ्याला लावू नये.

डोळा पुन्हा लाल झाला, नजर उतरली, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ऑपरेशनला तीन महिने झाले असले तरीही. सोबत ऑपरेशनचे कार्ड आणि वापरलेल्या सगळ्या थेंबांच्या बाटल्या न्याव्यात.

खालांचा डोळा वाचला, पण त्या डोळ्याने त्या आज फक्त बोटे मोजू शकतात. कुरआन शरीफची तिलावत त्या दुसऱ्या डोळ्याच्या भरवशावर करतात. ते पंधरा दिवस आम्हाला आजही बोचतात.