मित्रदेश आणि नव्व्याण्णव टन इंधन

वापरलेले अणुइंधन म्हणजे निव्वळ राख नव्हे. साध्या पाण्याच्या अणुभट्टीतून काढलेल्या इंधनात सुमारे ९५ टक्के युरेनियम शिल्लक असते आणि साधारण एक टक्का प्लुटोनियम नव्याने तयार झालेले असते. उरलेला बहुतेक भाग विखंडनातून निर्माण झालेल्या किरणोत्सारी द्रव्यांचा असतो. हे इंधन नायट्रिक आम्लात विरघळवून, योग्य विद्रावकाच्या साहाय्याने युरेनियम व प्लुटोनियम वेगळे काढता येतात. या क्रियेला पुनर्प्रक्रिया म्हणतात. अशा प्लुटोनियमपासून पुन्हा इंधन करता येते, तसाच बाँबही करता येतो.

भारताने १९७४ साली पोखरणला केलेल्या चाचणीत पुनर्प्रक्रियेतून मिळालेले प्लुटोनियमच वापरले होते. त्यानंतर अमेरिकेची धास्ती वाढली. एप्रिल १९७७ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी आपल्या देशातील व्यापारी पुनर्प्रक्रिया बेमुदत लांबणीवर टाकली.

नेमका त्याच वेळी जपानमधील तोकाई येथे फ्रेंच तंत्रज्ञानाने उभारलेला कारखाना सुरू होण्याच्या बेतात होता. १९७३ च्या तेलटंचाईची झळ जपान विसरला नव्हता. अण्वस्त्र प्रसारबंदी करारही त्याने १९७६ मध्ये मंजूर केला होता. मग अडचण कोणती? इंधन अमेरिकेकडून घेतलेले होते आणि त्याच्या पुनर्प्रक्रियेला, उभयतांच्या करारानुसार, अमेरिकेची संमती लागत होती. इंधन विकले गेले तरी त्याबरोबरची अट सुटत नाही.

प्लुटोनियम शुद्ध स्वरूपात वेगळे न काढता युरेनियमात मिसळलेलेच ठेवावे, या पर्यायाचा विचार झाला. पण तयार कारखान्यात फेरबदल करणे खर्चाचे व वेळखाऊ होते. अखेर सप्टेंबर १९७७ मध्ये तोड निघाली : दोन वर्षांत ९९ टनांपर्यंत इंधनावर मूळ पद्धतीनेच प्रक्रिया करावी.

आपण एक हिशेब करू. एक टक्का धरला तर ९९ टनांत जवळजवळ १,००० किलो प्लुटोनियम होते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था एका स्फोटकासाठी ८ किलोचे माप धरते. भागाकार विद्यार्थ्यांनीच करावा. मित्रदेशाशीही एवढी घासाघीस का झाली, हे त्यातून उमगेल.

पुढे तोकाईत प्लुटोनियम व युरेनियम यांचे मिश्रण बनवण्याची पद्धत आली. पण मिश्रणातून प्लुटोनियम पुन्हा वेगळे करणे रसायनतज्ज्ञाला अशक्य नसते. मिश्रणामुळे सावध होण्यास वेळ मिळतो, इतकेच. म्हणून तपासणी आणि परस्परसंमती यांना पर्याय उरत नाही. १९८८ च्या करारात अमेरिकेने जपानला ३० वर्षांसाठी आगाऊ संमती दिली. त्या कराराचा अंमल २०१८ नंतरही चालू राहिला. तोकाईचा कारखाना मात्र मोडीत काढण्याच्या आराखड्याला त्याच वर्षी मंजुरी मिळाली.