ड्रिलच्या बिटावरचं सोनं

हार्डवेअरच्या दुकानात ड्रिलचं बिट मागा. साधं काळपट हवं की सोनेरी, असा प्रश्न येतो. सोनेरी महाग, पण त्यात सोन्याचा कणही नसतो. पोलाद झिजू नये म्हणून दिलेला तो टायटॅनियम नायट्राइडचा मुलामा. हेच संयुग १८५२ साली उत्तर प्रदेशातल्या बस्तीजवळ पडलेल्या उल्केतही सापडलं होतं.

रंग येतो मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे. ठरावीक वारंवारितेच्या खालचा प्रकाश ते परतवतात, वरचा आत शिरतो. चांदीत ही हद्द अतिनील पट्ट्यात पडते, म्हणून ती पांढरी. नायट्राइडमध्ये ती ५०० नॅनोमीटरच्या आसपास. निळा जिरतो, पिवळा-तांबडा परततो. शिवाय हद्द सरकवता येते. स्पटरिंगच्या निर्वात पेटीत टायटॅनियमच्या चकतीवर आरगॉनचे आयन आदळतात, उडालेले अणू नायट्रोजनशी जुळून समोरच्या काचेवर बसतात. नायट्रोजन कमी सोडला की थर रुपेरी, प्रमाणाबाहेर गेला की तपकिरी.

या थरात काही दशक नॅनोमीटरचे खांब किंवा छिद्रं घडवली, तर प्रकाश पडताच इलेक्ट्रॉन एका तालात हेलकावतात. हाच प्लाझ्मॉन. त्यामुळे प्रकाश स्वतःच्या तरंगलांबीहून कितीतरी लहान जागेत एकवटतो. खरं तर या कामात सोनं-चांदीच सरस. नायट्राइडमध्ये बरीच ऊर्जा उष्णता होऊन जाते. पण सोनं १,०६४ अंश सेल्सियसला वितळतं, आणि नॅनो आकारात त्याच्या खूप आधीच त्याचे कोपरे गोलावतात. आकार बिघडला की ताल बिघडला. नायट्राइडचा वितळणबिंदू २,९०० अंशांच्या पुढे.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात अलेक्झांड्रा बोल्टासेवा आणि व्लादिमीर शालाएव यांच्या गटाने २०१४ साली नायट्राइडचा एक शोषक दाखवला. सगळी मिळून जाडी २४० नॅनोमीटर, आणि रुंद पट्ट्यातला सरासरी ९५ टक्के प्रकाश गिळणारा. ८०० अंशांवर तापवूनही त्याची नक्षी शाबूत राहिली. सौरऊर्जेसाठी प्रकाशाची उष्णताच करायची असते, तेव्हा इथे ती गळती दोष न राहता भांडवल होते. सोन्याला पर्याय म्हणून नायट्राइडचा गाजावाजा होतो, पण मला त्याची खरी जागा इथे, भट्टीत दिसते.

अडचण हवेची. काही शे अंशांवर ऑक्सिजन नायट्रोजनला हुसकावतो, थराचं टायटॅनियम ऑक्साइड होतं आणि रंगासकट मोकळे इलेक्ट्रॉनही जातात. म्हणून असे थर निर्वातात तापवतात, नाहीतर वर अॅल्युमिनाचं पातळ कवच चढवतात.