नालबंदी : टांगा गेला, घोडा राहिला

टांग्यांची जागा रिक्षांनी घेतली आणि कोल्हापूरच्या नालबंदाचे रोजचे गिऱ्हाईक गेले. मुंबईत तर जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने हौशी फेऱ्यांच्या व्हिक्टोरियाही बेकायदा ठरविल्या. आपल्यातील कित्येक घरांचे आडनाव नालबंद, पण हातात हातोडा नाही.

तरी हा हुन्नर संपला असे आम्ही मानत नाही. घोडा आता पोटासाठी राबत नाही. वरात, रपेट आणि शर्यत यांसाठी पाळला जातो. खूर मात्र महिन्याला जवळपास एक सेंटिमीटर वाढतोच. दीड-दोन महिन्यांनी नाल काढून, खूर तासून तो पुन्हा ठोकावा लागतो. टांग्याच्या घोड्याला लोखंडी नाल चाले. शर्यतीत धावणाऱ्याला हलका अॅल्युमिनियमचा लागतो. खिळा खुराच्या बाहेरच्या निर्जीव भिंतीतूनच जायला हवा. केसभर आत गेला की लाखमोलाचे जनावर लंगडते. म्हणूनच जाणत्या हाताला मोल आहे. पैजेमुळे शर्यतीच्या तबेल्यातील मजुरीबद्दल शंका वाटल्यास आलिमांना विचारावे. घोडेस्वारीच्या शाळांत तो प्रश्नच नाही.

आपल्या जिल्ह्यात ऊस हंगामातील गाडीबैलांना नाल मारण्याचे काम अजून मिळते. पण बैलाच्या दुभंगलेल्या खुराला दोन तुकडे लागतात आणि त्याला आडवा पाडावा लागतो. घोडा उभाच असतो. बैलावर हात बसलेल्या पोराने पुण्याच्या एखाद्या तबेल्यात जाणत्या नालबंदाजवळ वर्ष-दोन वर्षे काढावीत.