गर्भवतीची चिंता व बालकाचें वजन

अवर्षणाचा हिशेब मांडतांना आटलेल्या विहिरी, करपलेली ज्वारी व मातीमोल विकलेलीं गुरें, इतक्या रकमा अहवालांत सहसा येतात. एक रकम मात्र कोणाच्याच वहींत चढत नाहीं. ती म्हणजे दुष्काळांत गरोदर असलेल्या स्त्रीनें वाहिलेली काळजी. तिचें बाळ पुढें ज्या तराजूंत बसतें, त्या तराजूस तिचा विसर पडत नाहीं. प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे, वकील आहे; तेव्हां पुरावा काय व कितपत आहे, एवढेंच तो सुज्ञ वाचकांपुढें ठेवूं इच्छितो.

पहिली साक्ष पुण्याजवळची. के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं पुण्याजवळील सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास १९९३ सालीं आरंभिला. तेथील पूर्ण दिवसांच्या बाळांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साऊथॅम्प्टनच्या बाळांचें सुमारें ३.५ किलो. ज्या स्त्रिया गरोदरपणीं शेतांत व घरांत अधिक राबल्या, त्यांचीं बाळें अधिक लहान निपजलीं. विशेष हें कीं, त्या कृश देहांत स्नायु कमी असूनही चरबी त्या मानानें टिकून होती.

दुसरी साक्ष हॉलंडची. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत जर्मनांनीं अन्नपुरवठा रोखल्यामुळें तेथें उपासमार झाली. अखेरच्या महिन्यांत उपास घडलेल्या मातांचीं बाळें सुमारें ३०० ग्रॅमनीं हलकीं जन्मलीं. उलट, गर्भवासाच्या पहिल्या सहामाहींत ज्यांस ही झळ लागली, ते मुलगे एकोणिसाव्या वर्षीं सैन्यभरतीच्या तपासणींत अधिक प्रमाणांत स्थूल आढळले.

प्रतिपक्ष म्हणेल, हा दोष भुकेचा. काळजीचा कोठें सिद्ध झाला? प्रश्न रास्त आहे. त्यासाठीं कॅनडाची साक्ष घ्यावी लागते. जानेवारी १९९८ मध्यें क्वेबेक प्रांतांत बर्फाच्या वादळानें विजेच्या तारा तुटून लक्षावधि लोक कित्येक दिवस, कोठें कोठें कित्येक आठवडे, थंडींत राहिले. तेथें अन्नाचा दुष्काळ नव्हता. तरीही ज्या गरोदर मातांस अधिक हाल सोसावे लागले, त्यांचीं मुलें साडेपांचव्या वर्षीं स्थूल असण्याचा संभव अधिक दिसला. तपासलेलीं मुलें थोडीं होतीं. म्हणून हा अंतिम निकाल नव्हे, पण साक्ष दुर्लक्षिण्याजोगीही नाहीं.

हें घडतें कसें? चिंतेनें मातेच्या रक्तांत कॉर्टिसॉल नांवाचा स्राव वाढतो. वारेंतील एक द्रव्य त्याचा बराच भाग निष्प्रभ करून गर्भास जपतें. परंतु माता अर्धपोटीं राहिली कीं हा पहारा ढिला पडतो, असें प्राण्यांवरील प्रयोगांत दिसलें आहे. मग गर्भाची वाढ खुंटते, व मिळेल तें सांठविण्याची संवय देहास लागते, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे.

आतां धाराशिवकडे वळूं. या जिल्ह्यानें १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडून दिवस काढले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे सास्तूरसारखीं गांवें भूकंपांत कोसळलेलीं पाहिलीं. २०१५-१६ मध्यें टँकरची वाट पाहिली. येथें भूक व काळजी जोडीनेंच घरांत शिरतात. त्यांची वांटणी न्यायालयांत करावी. मदत करणारानें दोहींवर एकदम इलाज करावा.

गर्भवतीस ‘काळजी करूं नकोस’ असें सांगणें व्यर्थ आहे, आणि बाळ हलकें निपजलें म्हणून तिला बोल लावणें हा तर अन्यायच होय. काळजीचें कारण दूर करणें हाच उपाय. दिवस गेल्याचें कळतांच तिचें नांव मदतीच्या यादींत प्रथम चढावें. पाणी दाराशीं यावें. महिन्याचें धान्य ठरल्या दिवशीं मिळावें. काम हलकें असावें. सावकाराचा तगादा बाळंतपणापर्यंत तरी थांबावा. ऊसतोडीस परजिल्ह्यांत जाणाऱ्या गर्भवतीची यादी तिच्यामागोमाग जावी, कारण अंगणवाडीचा आहार गांवींच राहतो व ती फडांत असते.

बाळ जन्मल्यावर पाठविलेलें दूध उपकारक खरें. पण नऊ महिने उशिरा पोंचलेलें. दात्यांनीं आपलें दान त्या नऊ महिन्यांच्या आंत पोंचेल असें करावें, हीच नम्र विनंति.