दि. बा. पाटील : जमिनीच्या मोबदल्यात जमीन मागणारा खासदार

वडखळ मागे टाकून नागोठण्याकडे निघालो की महामार्गावर गडब लागते. या पट्ट्यात जमिनीची नोटीस काय असते, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. रस्ता रुंद होतो, कारखाना येतो, 2008 मध्ये तर सेझच्या प्रश्नावर पेण तालुक्यातल्या 22 गावांत चक्क मतदान झाले. म्हणून या वेळी आम्ही दि. बा. पाटील यांच्याविषयी लिहीत आहोत. आमच्या शाळेतल्या मुलांना त्यांचे नाव ठाऊक आहे, पण ते विमानतळामुळे. काम फारसे कोणाला माहीत नाही.

दिनकर बाळू पाटील यांचा जन्म 13 जानेवारी 1926 चा, उरण तालुक्यातल्या जासई गावचा. घर शेतकऱ्याचे. ते शिकून वकील झाले आणि शेतकरी कामगार पक्षात गेले. 1957 मध्ये पनवेलमधून प्रथम आमदार झाले. पुढे विधानसभेत विरोधी पक्षनेते, आणि 1977 मध्ये कुलाबा मतदारसंघाचे खासदार. दिल्लीला गेले तरी त्यांचा विषय बदलला नाही. विषय एकच, जमीन.

1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या 95 गावांच्या जमिनी जाणार हे ठरले. भातशेती, मिठागरे, खाडीकाठची खाजणे, सगळेच. आगरी, कोळी, कराडी, कोकणी मुसलमान, कोणाचीही जात नोटिशीने विचारली नाही. पैसे मिळत होते, पण थोडे. लग्न, घरदुरुस्ती, जुने कर्ज यांत रक्कम संपायची, आणि मग त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतीत मालकाचा मुलगा पहारेकरी.

16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी जासई-दास्तान परिसरात शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. दोन दिवसांत पाच माणसे गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या निवडणुकीत लोकांनी दिबांना पुन्हा लोकसभेत पाठवले.

या लढ्यातून साडेबारा टक्के योजना आली. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत द्यायची. हिशेब सोपा आहे. एक एकर म्हणजे 40 गुंठे, त्याचे साडेबारा टक्के म्हणजे 5 गुंठे. सार्वजनिक सुविधांची कपात झाल्यावर हातात साडेतीन. कमी वाटतात ना? पण ते शहरातले साडेतीन गुंठे आहेत. आमच्या मते दिबांची खरी कमाई हीच. शेतकऱ्याला त्यांनी नुसता मोबदला मिळवून दिला नाही, नव्या शहरात भागीदार केले. भूखंड मिळायला मात्र अनेकांची वर्षे गेली, आणि कित्येकांनी तो हाती येण्याआधीच दलालाला विकला, हेही खरे.

आणखी एक गोष्ट, विशेषतः आपल्या घरांसाठी. मोबदला असो वा भूखंड, तो मिळतो सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. दादाजान जाऊन वीस वर्षे होतात, वारस नोंद झालेली नसते. झाली तर फक्त भावांची. बहिणीचा हिस्सा कुरआनने ठरवून दिलेला आहे, हे सगळ्यांना पाठ असते, आणि नोटीस आली की तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. भूसंपादनात आमच्या कोकणातल्या किती बहिणी अशा रिकाम्या हाताने राहिल्या असतील! तलाठ्याकडे जाऊन एकदा फेरफार पाहून या.

1999 मध्ये दिबा शेतकरी कामगार पक्ष सोडून शिवसेनेत गेले. आयुष्यभर लाल बावट्याखाली वावरलेल्या माणसाचा हा निर्णय अनेकांना रुचला नाही, आम्हालाही नाही. पण जमिनीचा प्रश्न घेऊन कोणीही त्यांच्याकडे जाऊ शकत असे.

24 जून 2013 रोजी ते गेले. 2021 च्या जूनमध्ये विमानतळाला त्यांचे नाव द्यावे म्हणून हजारो लोकांनी मानवी साखळी केली, आणि 2022 मध्ये विधिमंडळाने तसा ठराव केला. त्याच विमानतळासाठी गावे उठली, तेव्हा परत द्यायच्या जमिनीचा वाटा साडेबारावरून साडेबावीस टक्क्यांवर गेला होता.