‘पसरला’ म्हणजे सारे संपले का?

गेल्या हिवाळ्यात भिवापूरकडचे एक शेतकरी मुलाला घेऊन माझ्याकडे आले. तीन महिन्यांपासून भाकरी घशाखाली उतरत नव्हती. पुढेपुढे वरणभातही पाण्याच्या घोटाबरोबर गिळावा लागे. दुर्बिणीतून तपासणी केली तेव्हा अन्ननलिकेचा कर्करोग निघाला. स्कॅनमध्ये फुफ्फुसातही दोन लहान गाठी दिसल्या. मुलाने मला बाजूला घेतले. ‘‘साहेब, पसरला म्हन्ते. बाबाले घरी नेऊ का?’’

वाचकहो, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. दुसरा प्रश्न याच्या अगदी उलट असतो, ‘‘सगळे कापून काढता येणार नाही का?’’ दोन्हींचे उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून आहे. रोग किती पसरला आणि कोठे पसरला?

अन्ननलिकेचा व जठराचा कर्करोग लांबच्या लसिकाग्रंथी, यकृत, फुफ्फुसे किंवा पोटाच्या आतील पडद्यावर जातो. सर्वत्र पसरणे वेगळे आणि एक-दोन ठिकाणी मोजक्या गाठी असणे वेगळे. या मधल्या अवस्थेकडे १९९५ साली शिकागोच्या हेलमन व वाइक्सेलबाउम या डॉक्टरांनी लक्ष वेधले.

मग अशा रुग्णांचे जठर काढून टाकावे काय? जपान, दक्षिण कोरिया व सिंगापूर येथील अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पसरलेल्या गाठी तशाच ठेवून फक्त जठर काढल्याने आयुष्य वाढले नाही. जर्मनीत आधी केमोथेरपी देऊन नंतर मूळ रोग व पसरलेल्या गाठी काढून पाहिल्या. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या त्या निष्कर्षांतही सरसकट फायदा दिसला नाही. फक्त पोटामागच्या लसिकाग्रंथींतच रोग असलेल्यांना उपयोग झाल्यासारखे वाटले. पडद्यावर रोग असलेल्यांचे उलट नुकसानच झाले. पडद्यावरचे बारीक दाणे स्कॅनमध्ये चुकतात. म्हणून जठराच्या मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी दुर्बीण घालून पोट पाहून घेणे शहाणपणाचे.

आपल्याकडे अन्ननलिकेचा जो प्रकार जास्त आढळतो, त्यात चित्र थोडे आशादायक आहे. २०२४ मध्ये छापून आलेल्या शांघायच्या अभ्यासात चारपर्यंत गाठी असलेल्या रुग्णांना औषधांबरोबर त्या गाठींवर किरणोपचार किंवा शस्त्रक्रिया दिली. रोग सुमारे १५ महिने आटोक्यात राहिला. नुसत्या औषधांवर तो साडेसहा महिनेच राहिला.

म्हणून क्रम असा ठरतो. आधी औषधे. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन. रोग दबला, नव्या गाठी आल्या नाहीत, रुग्णात ताकद आहे, तरच पुढचे पाऊल. दरम्यान रोग वाढला तर रुग्ण निदान एका मोठ्या शस्त्रक्रियेच्या हालांतून वाचतो. गाठीच्या तुकड्याची ‘हर-टू’सारखी तपासणी, विशेषतः जठराच्या रोगात, सुरुवातीलाच करून घ्यावी, औषध त्यावर ठरते.

एक मात्र स्पष्ट सांगतो. या अवस्थेत रोग समूळ जाणे विरळाच. पण महिने वाढतात, आणि ते महिने जेवता-बोलता जाऊ शकतात. घास उतरत नसेल तर अन्ननलिकेत जाळीची नळी बसवता येते, किरणोपचार देता येतात. उपाशी रुग्णाला केमो झेपत नाही, हे घरच्यांनी ध्यानात ठेवावे.

या उपचारांसाठी मुंबईच गाठली पाहिजे असे नाही. नागपुरात मेडिकल आहे, मानेवाडा रोडचे तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत ठेवून रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

आमच्या शेतकरीबुवांच्या गाठी केमोने आकसल्या, मग किरणोपचार झाले. परवा तपासणीला आले तेव्हा म्हणाले, ‘‘खिचडी उतरते आता.’’ खर्रा सुटला आहे. तो तीस वर्षांपूर्वीच सुटायला हवा होता.

घास अडकू लागला तर महिनोन्‌महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खात बसू नका. दुर्बिणीची तपासणी करून घ्या. आणि कोणी ‘पसरला’ म्हणाले, तर उठून घरी जाण्याआधी एवढे विचारा, ‘‘कोठे, आणि किती?’’