बैठक आणि स्क्वॉट : भारोत्तोलनातील पायांच्या बलसंवर्धनाचा विचार

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या तालमींत पायांचे बळ संख्येने मोजण्याची रीत आहे. पैलवान रोज किती बैठका मारतो, यावरून त्याच्या तयारीचा अंदाज बांधला जातो. गामा पैलवानाच्या नावावर तर रोजच्या हजारो बैठका सांगितल्या जातात. भारोत्तोलनात मात्र पायांचे बळ किलोग्रॅममध्ये मोजले जाते. नवी मुंबईतील महाविद्यालयीन जिमखान्यांत येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मनात या दोन मापांची गल्लत झाली, की एक कोडे उभे राहते. दोनशे बैठका सहज मारणारा विद्यार्थी आपल्याच वजनाइतका बार खांद्यावर घेऊन उठताना का अडखळतो? प्रस्तुत लेखात या कोड्याचा शारीरिक आधार स्पष्ट केला आहे.

भारोत्तोलनात मांड्यांचे महत्त्व क्लीन अँड जर्क या प्रकारात सर्वाधिक जाणवते. खेळाडू बार जमिनीवरून ओढतो, खोल बसून तो खांद्यांवर झेलतो आणि तेथून उठतो. हे उठणे म्हणजेच फ्रंट स्क्वॉट होय. उठतानाच शक्ती खर्ची पडली तर पुढील जर्कसाठी पायांत काही उरत नाही. म्हणून सरावातील फ्रंट स्क्वॉट स्पर्धेतील क्लीनपेक्षा जड असावा लागतो. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत ५५ किलो गटात सांगलीच्या संकेत सरगर यांनी स्नॅचमध्ये ११३ व क्लीन अँड जर्कमध्ये १३५, असे एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळविले. सुवर्णविजेते मलेशियाचे अनिक कस्दान यांचा स्नॅच १०७ किलोंचाच होता. परंतु १४२ किलोंच्या क्लीन अँड जर्कमुळे त्यांची बेरीज २४९ झाली. सरगर यांचे १३९ किलोंचे दोन्ही प्रयत्न फसले व कोपराला इजा झाली, तेव्हा येथे पायांना दोष देता येत नाही. तरीही स्नॅचमधील सहा किलोंची आघाडी दुसऱ्या प्रकारात कशी नाहीशी होते, हे या निकालावरून ध्यानात यावे.

संख्या आणि भार

स्नायूंना चेतविणाऱ्या प्रेरक एककांपैकी लहान एकके प्रथम कामाला लागतात व भार वाढत जाईल तशी मोठी एकके त्यांत सामील होतात, हा क्रम एल्वुड हेनेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये मांडला. बैठकीत भार केवळ शरीराचा असतो. नवख्या विद्यार्थ्याला तो पुरेसा वाटतो. विसाव्या-पंचविसाव्या बैठकीला मांड्या थरथरू लागतात, मोठी एककेही राबतात आणि मांडी भरते. पुढे मात्र भार तोच राहतो व केवळ संख्या वाढते. मग दमश्वास वाढतो, बळ फारसे वाढत नाही. कुस्तीत दमश्वास मोलाचा असल्यामुळे तालमीने बैठकीला दिलेले स्थान योग्यच आहे.

ब्रॅड शोएनफेल्ड व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सरावलेल्या तरुणांच्या एका गटाने ८ ते १२ आवृत्त्यांचा जड व्यायाम केला, तर दुसऱ्याने २५ ते ३५ आवृत्त्यांचा हलका व्यायाम केला. दोन्ही गट थकेपर्यंत व्यायाम करीत. आठ आठवड्यांनंतर स्नायूंची जाडी दोहोंत सारखीच वाढली. परंतु स्क्वॉटमधील कमाल बळ जड गटात सुमारे २० टक्के, तर हलक्या गटात सुमारे ९ टक्के वाढले. म्हणजे मोठी मांडी आणि बलवान मांडी या दोन गोष्टी पूर्णतः एक नव्हेत.

वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत पोती वाहणारा माथाडी कामगार याचे जवळचे उदाहरण ठरावा. पोत्याखालून उठण्याचे बळ त्याच्या पायांत येते. परंतु पोत्याचे वजन ठरलेले असल्याने ते बळ त्या वजनाला पुरेल इतके होऊन थांबते. भार हळूहळू वाढविण्याचे तत्त्व थॉमस डिलोर्म या अमेरिकन लष्करी वैद्याने १९४५ मध्ये शास्त्रीय रूपात मांडले, तेही जायबंदी सैनिकांच्या उपचारांतून. तालमीला हे अगदीच अज्ञात नव्हते. जोडीदाराला खांद्यांवर घेऊन मारलेल्या बैठका हा भारवाढीचाच प्रकार होय. मात्र जोडीदाराचे वजन दर आठवड्याला अडीच किलोंनी वाढविता येत नाही!

खोली आणि गुडघा

पूर्ण बसल्याने गुडघा निकामी होतो, ही भीती आजही ऐकू येते. तिचे मूळ टेक्सास विद्यापीठातील कार्ल क्लाइन यांच्या १९६१ च्या संशोधनात आहे. खोल स्क्वॉटमुळे गुडघ्याचे अस्थिबंध सैल होतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. नंतरच्या तपासण्यांत त्यास पुष्टी मिळाली नाही. उलट, अर्ध्यावर थांबणारा विद्यार्थी अधिक जड बार घेऊ शकतो व तो भार पाठीच्या कण्यावर येतो. केइतारो कुबो व सहकाऱ्यांच्या २०१९ च्या दहा आठवड्यांच्या अभ्यासात मांडीच्या पुढील स्नायूंची वाढ अर्ध्या व पूर्ण स्क्वॉटमध्ये जवळपास सारखी आढळली. नितंब व मांडीच्या आतील स्नायू मात्र पूर्ण स्क्वॉटमध्ये अधिक वाढले. क्लीनखालून उठताना नेमके हेच स्नायू लागतात.

खरा धोका वेगळाच आहे. बैठकीत टाचा उचलल्या जातात व शरीर चवड्यांवर तोलले जाते. ही सवय बारखाली आली, तर तोल पुढे जातो आणि पाठ वाकते. स्क्वॉटमध्ये टाच जमिनीवर टेकलेलीच हवी. खुर्चीच्या सवयीमुळे उकिडवे बसणे सुटलेल्या विद्यार्थ्याचा घोटा त्यासाठी पुरेसा वाकत नाही. भारोत्तोलकांचे उंच टाचेचे बूट याच अडचणीवरील उपाय होत. बूट नसल्यास आधी रिकाम्या बारवर खोली साधावी, वजन नंतर.

आठवड्यातून दोन वा तीन दिवस, प्रत्येकी पाच आवृत्त्यांचे तीन ते पाच संच आणि मधे तीनेक मिनिटांची विश्रांती, एवढ्यावर नवख्याची प्रगती होते. पाचही आवृत्त्या टाच न उचलता पूर्ण झाल्या, तरच पुढील खेपेस अडीच किलो वाढवावेत. ज्या जिमखान्यात सुरक्षा-दांड्यांचा स्टँड नाही, तेथे जड बॅक स्क्वॉट टाळून फ्रंट स्क्वॉटच शिकविणे इष्ट. उठता आले नाही, तर बार पुढे सोडून देता येतो.